पैलवानाला हवेत मोठे जोडे!

साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन मसल कारना मागे रुंद चाकं बसवायची क्रेझ अजून ओसरलेली नाही. पण रुंद म्हणजे नेमकी किती? डेट्रॉइटजवळच्या एका गराजमध्ये टेप, ओळंबा आणि पुठ्ठा घेऊन शोधलेलं हे उत्तर...

जुनी अमेरिकन मसल कार सिग्नलला शेजारी येऊन उभी राहिली, की तिचा आवाज कानांच्या आधी छातीला कळतो. नुसती घरघर! मग दिवा हिरवा होतो आणि खरी गंमत सुरू होते. मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरतात, रबराचा धूर निघतो आणि तेवढ्यात शेजारची साधीसुधी फॅमिली कार शांतपणे पुढे निघून जाते.

सिनेमात हा धूर भन्नाट दिसतो. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’मधली ती काळी डॉज चार्जर आठवा. किंवा २००० च्या ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’मधली ‘एलिनॉर’ नावाची मस्टँग. पण इंजिनिअरला विचाराल तर तो सांगेल, बॉस, धूर म्हणजे वाया गेलेली ताकद! इंजिन हवी तेवढी ताकद देतंय, पण टायरला ती रस्त्यावर उतरवता येत नाहीये. म्हणून तर या गाड्यांच्या मालकांचं पहिलं स्वप्न एकच असतं. मागे मस्तपैकी रुंद चाकं.

इंजिन हत्तीचं, पाय हरणाचे

मसल कारचा फंडा एका ओळीत सांगायचा तर मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४ मध्ये पाँटिअॅक कंपनीने आपल्या मध्यम गाडीत ३८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे तब्बल ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन घातलं आणि तिला ‘जीटीओ’ नाव दिलं. तेव्हा तिथे चीफ इंजिनिअर होते जॉन डिलोरिअन. हो, तेच. पुढे ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये जी काळप्रवास करणारी गाडी दिसली, ती त्यांच्याच नावाची.

जीटीओ धडाक्यात खपली आणि सगळ्याच कंपन्या या शर्यतीत उतरल्या. १९७० पर्यंत शेवरोलेने शेव्हेल एसएस ४५४ मध्ये ‘एलएस-६’ हे इंजिन दिलं. कागदावर ४५० हॉर्सपॉवर! आणि एवढ्या ताकदीखाली टायर कुठला? एफ७०-१४. चौदा इंची, सात इंच रुंद रिमवर बसणारा. आजच्या मापात तो साधारण २१५/७० होतो. पुण्या-मुंबईत वरच्या मॉडेलच्या क्रेटाला जेवढ्या रुंदीचा टायर असतो, साधारण तेवढ्याच रुंदीवर ४५० घोडे बांधलेले!

शिवाय तो टायर रेडिअलही नव्हता. बायस-प्लाय म्हणजे आतले धागे तिरके, एकमेकांवर आडवेतिडवे टाकलेले. वळणावर असा टायर कडेला दबतो आणि रस्त्याला टेकलेला त्याचा भाग वाकडा होतो. मिशेलिनने रेडिअल टायरचं पेटंट १९४६ मध्येच घेतलं होतं, पण अमेरिकन कंपन्या त्याकडे वळल्या सत्तरच्या दशकात. तोपर्यंत मसल कारचा जमाना ओसरायला लागला होता. विम्याचे हप्ते वाढले, प्रदूषणाचे कायदे आले आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलीसुरली हवा काढून घेतली.

म्हणजे या गाड्यांना पायात बसतील असे जोडे त्यांच्या ऐन तारुण्यात मिळालेच नाहीत. आता मिळतात. प्रश्न फक्त मापाचा आहे.

कोल्हापूरचा गडी, डेट्रॉइटची गाडी

डेट्रॉइटच्या उपनगरांत मराठी इंजिनिअर चिक्कार. त्यातलाच एक माझा मित्र. मूळचा कोल्हापूरचा, ट्रॉयमध्ये राहतो. दर ऑगस्टमध्ये इथे वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ‘ड्रीम क्रूझ’ भरते. १९९५ साली फर्नडेल या उपनगरात मुलांच्या सॉकर मैदानासाठी पैसे उभे करायला ती सुरू झाली. आता फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत जुन्या गाड्यांची जत्राच असते. ती जत्रा काही वर्षं रस्त्याकडेला खुर्ची टाकून बघितल्यावर या पठ्ठ्याने स्वतःच एक १९७० ची शेव्हेल एसएस ३९६ घेतली.

नावात ३९६ असलं तरी या गाडीतलं इंजिन खरं ४०२ क्युबिक इंचाचं होतं. ‘३९६’ हे नाव बाजारात इतकं रुळलं होतं, की कंपनीने ते बदललंच नाही. ३५० हॉर्सपॉवर आणि सुमारे ५६० न्यूटन-मीटर टॉर्क. आपल्याकडच्या साध्या पेट्रोल हॅचबॅकच्या जवळपास पाचपट. त्या काळी हे आकडे नुसत्या इंजिनाचे, टेबलावर बसवून मोजलेले असायचे, त्यामुळे थोडे फुगलेले. तरी पाऊस पडल्यावर पहिल्या गिअरमध्ये पाय जरा जड पडला, की गाडीचा मागचा भाग बाजूला सरकायला लागायचा. मी शेजारी बसून हा अनुभव घेतलाय. पोटात गोळा येतो.

मित्राचा प्लॅन तयारच होता. “मागनं कशी भरदार दिसाय पायजे गाडी! दोनशे पंच्याहत्तरचेच टाकायचे. बसत नसतील तर मडगार्ड कापू.”

‘कापू’ हा शब्द ऐकला आणि मी जरा थबकलो. कारण ही गाडी त्याने एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली होती. पन्नासहून अधिक वर्षांत तिला कुठेही कात्री लागलेली नव्हती. मागच्या चाकांवरचा पत्रा कारखान्यातून आला तोच. त्यावरचा रंगही तोच.

मी म्हटलं, “आधी मोजू या. मग भांडू.”

आत किती, बाहेर किती?

रुंद चाक म्हटलं की सगळे फक्त रुंदी विचारतात. खरा प्रश्न असतो की ती जास्तीची रुंदी जाणार कुठे? आत, चासीकडे? की बाहेर, मडगार्डच्या कडेकडे?

हे ठरवणारा आकडा म्हणजे बॅकस्पेसिंग. चाक पालथं घाला. रिमच्या मागच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा. त्या पट्टीपासून, चाक ड्रमला जिथे टेकतं त्या सपाट भागापर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. आता एक लक्षात ठेवा. ‘आठ इंची रिम’ म्हणतात तेव्हा ते माप टायर बसतो त्या आतल्या जागेचं असतं. दोन्ही काठ धरून ती रिम साधारण नऊ इंच भरते. तिचं बॅकस्पेसिंग साडेचार इंच असेल, तर चाक अर्धं आत, अर्धं बाहेर. बॅकस्पेसिंग वाढलं की चाक आत सरकतं, कमी झालं की बाहेर.

मग आम्ही शनिवारी सकाळी गराजमध्ये कामाला लागलो. गाडी जॅकवर घेतली, पण स्टँड लावले ते अॅक्सलखाली. हे महत्त्वाचं. स्टँड चासीखाली लावले, तर अॅक्सल खाली लोंबतो आणि सगळी मापं खोटी येतात. गाडीचं वजन स्प्रिंगवर असतानाच, म्हणजे ती रस्त्यावर उभी असते तशीच मोजायची.

चाक काढलं. मडगार्डच्या आतल्या कडेवरून ओळंबा सोडला. हो, गवंड्याचाच ओळंबा! ड्रमच्या तोंडापासून त्या दोरीपर्यंतचं अंतर ही बाहेरची जागा. मग ड्रमच्या तोंडावर लाकडी पट्टी उभी धरून तिथून आत, चासी किंवा चाकाच्या खोबणीचा पत्रा यांतलं जे जवळ असेल तिथपर्यंत मोजलं. ही आतली जागा.

आकडे असे आले. डावीकडे आत सहा इंच, बाहेर पावणेसहा. उजवीकडे आत सव्वासहा, बाहेर साडेपाच.

“दोन्ही बाजू येगळ्या? धडकलीय का काय ही कुठं?” मित्राचा चेहरा पडला.

धडकलेली नव्हती. शेव्हेलची बॉडी वेगळ्या चासीवर रबरी बुशांच्या आधाराने बोल्टने बसवलेली असते. त्या काळच्या गाड्यांत बॉडी किंवा अॅक्सल पाव इंच इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं. म्हणून तर दुसऱ्याच्या शेव्हेलला बसलेलं चाक तुमच्या शेव्हेलला बसेलच, याची गॅरंटी नसते. आणि म्हणूनच दोन्ही बाजू मोजायच्या. निकाल नेहमी अरुंद बाजूचा लागतो.

दोन मिलिमीटरचा प्रश्न

आता साधा हिशोब. २७५ चा टायर म्हणजे २७५ मिलिमीटर, जवळपास १०.८ इंच. मधोमध बसवला तर दोन्ही बाजूंना ५.४ इंच. उजवीकडे बाहेर जागा आहे साडेपाच. म्हणजे टायर आणि मडगार्डच्या कडेमध्ये उरले जेमतेम दोन मिलिमीटर! उभ्या गाडीत ठीक आहे. पण खड्ड्यात गाडी दबली किंवा वळणावर बॉडी झुकली, की पत्र्याची ती धारदार कड टायरच्या बाजूला घासणार. हायवेवर टायर फाटला तर काय होतं, ते सांगायला नकोच.

दोन्ही बाजूंना निदान अर्धा इंच मोकळा हवा, हा जाणत्यांचा नियम. मग चाक पाव इंच आत घेतलं तर? हाही हिशोब केला. उजवीकडची बाहेरची जागा नऊ मिलिमीटर झाली, पण डावीकडची आतली जागाही नऊवरच आली. अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर. दोन्हीकडे नापास.

२५५ चा टायर घेतला तर? जवळपास दहा इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. सर्वांत अरुंद ठिकाणी जवळजवळ अर्धा इंच सुटतो, बाकी सगळीकडे त्याहून जास्त. पंधरा इंची, आठ इंच रुंद रिम, साडेचार बॅकस्पेसिंग. बाजारात सहज मिळणारं माप. कापाकापी शून्य.

कागदावरच्या हिशोबावर आम्ही थांबलो नाही. पुठ्ठ्याचा २५५ च्या मापाचा टायर कापला आणि अॅक्सल जॅकने वर-खाली करून कुठे अडतो का ते बघितलं. अडला नाही.

कापायचं की ठेवायचं?

मित्र मात्र नाराज. त्याच्या डोक्यात २७५ पक्कं बसलं होतं. आणि ते बसवायचे मार्ग आहेत, नाही असं नाही.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मडगार्डच्या आत वळलेली कड दाबून सपाट करणं. यासाठी खास रोलर मिळतो. पत्रा गरम करून हळूहळू दाबतात. पण जुना, वाळलेला रंग याने तडकू शकतो. त्यापुढचा मार्ग म्हणजे ‘मिनी-टब’. चाकाची आतली खोबणी कापून आत सरकवायची, शेव्हेलमध्ये त्यासोबत चासीलाही खाच पाडावी लागते आणि ती पुन्हा वेल्डिंगने मजबूत करायची. सगळ्यात टोकाचा मार्ग म्हणजे अॅक्सलच अरुंद करून घेणं. ड्रॅग रेसिंगवाले हे सर्रास करतात. चांगल्या हातांनी झालं तर ते काम बघायलाही सुंदर असतं. गंजून गेलेली, पत्रा बदललेली, इंजिन बदललेली गाडी असेल तर खुशाल करावं.

सत्तरच्या दशकातला एक जुगाड मात्र कुणीही करू नये. मागे हवेचे शॉक अॅब्झॉर्बर लावून गाडी शेपटीकडून उचलायची आणि रुंद टायर घुसवायचे. फोटोत झक्कास दिसतं, पण शॉकचे नटबोल्ट गाडीचं वजन पेलायला केलेलेच नसतात.

“माझी गाडी हाय, म्युझियम न्हाई,” मित्र म्हणाला. आणि त्याचं चूक नव्हतं. गाडी चालवायलाच असते. काचेत ठेवलेल्या मसल कारइतकी केविलवाणी गोष्ट नाही, असं माझंही मत आहे.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन गराजमध्ये आल्या. पुठ्ठ्याचा टायर, ओळंबा, जमिनीवर खडूने लिहिलेले आकडे, सगळं नीट बघितलं. “म्हणजे भांडण वीस मिलिमीटरचं आहे?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या नवऱ्याकडे वळल्या. “टायर चार-पाच वर्षांनी बदलशीलच की. तेव्हा वाटलं तर मोठे घे. पण आज कापलेला पत्रा नको झाला, तर परत कुठून आणणार आहेस?”

मित्र काही बोलला नाही. चहा संपेपर्यंत गाडीभोवती दोन चकरा मारल्या. मग खडूने २७५ वर काट मारली.

नवे जोडे, नवी चाल

चाकं आली, बसली. मागे २५५/६०, पुढे सात इंची रिमवर २३५/६०. मागचा टायर थोडा उंच असल्याने गाडी नाकाकडे किंचित झुकल्यासारखी दिसते. झेप घ्यायच्या तयारीत! कमानीतली ती जुनी पोकळ जागा गेली. वीस मिलिमीटर कमी आहेत, हे माहीत असल्याशिवाय कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि रस्त्यावर? जोरात निघताना गाडीचं वजन मागे सरकतं आणि मागच्या चाकांवर दाब वाढतो. दाब वाढला की पकडही वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. रबर जास्त दाबाखाली आपली पकड थोडी थोडी गमावतं. रुंद टायर तो दाब जास्त रुंदीवर पसरवतो, म्हणून ताकद जास्त उतरते. त्यात रेडिअलची रचना. आता सिग्नलला धूर कमी आणि गाडी सरळ रेषेत पुढे. पहिल्या राइडनंतर मित्राचं हसू कानापर्यंत होतं.

पण फुकट काहीच मिळत नाही. जुन्या टायरची उंची होती सुमारे २५.८ इंच, नव्याची २७. म्हणजे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. काटा ताशी ६० मैल दाखवतो तेव्हा गाडी ६३ च्या आसपास धावत असते. पोलिसाला हा हिशोब सांगून उपयोग नाही! त्यासाठी गिअरबॉक्समधला स्पीडोमीटरचा छोटा प्लॅस्टिकचा गिअर बदलावा लागतो. एक्सलरेशनही त्या प्रमाणात किंचित मंदावतं, कारण मागचा ३.३१ चा रेशो आता ३.१६ असल्यासारखा वागतो.

दुसरं म्हणजे, मागची पकड पुढच्यापेक्षा वाढली की वळणावर गाडीचं नाक बाहेर जायला बघतं. पुढे-मागे फार फरक ठेवू नये, तो यासाठीच. तिसरं, पुढची चाकं मागे घालता येत नाहीत, त्यामुळे मागचा जोड लवकर संपणार. आणि पाऊस! साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. ओल्या रस्त्यावर पाय हलकाच हवा, चाकं कितीही रुंद असोत.

एक गोष्ट सांगायची राहिली. जुनी चौदा इंची चाकं विकायला चांगलं गिऱ्हाईक आलं होतं. मित्राने दिली नाहीत. धुऊन, पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून त्याने ती माळ्यावर ठेवली आहेत. ही गाडी तिच्या तिसऱ्या मालकाकडे जाईल, तेव्हा त्याला जे हवं ते त्याने ठरवावं. पाच नट काढायचे आणि १९७० परत.

चौकट : चाकं घेण्याआधी...

● टायरवरचे आकडे वाचा. २५५/६० आर १५ म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, रेडिअल, आणि रिम १५ इंची. तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाडीलाही हीच भाषा लागू.

● वेगाचं अक्षर बघा. पांढऱ्या अक्षरांचे पंधरा इंची टायर दिसायला भारी, पण त्यातले बरेच ‘एस’ दर्जाचे, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचे असतात. जास्त पकड हवी असणारे सतरा-अठरा इंची चाकांकडे वळतात.

● बोल्टचं वर्तुळ तपासा. शेव्हेलला पाच बोल्ट, पावणेपाच इंचांच्या वर्तुळावर. त्या काळच्या मस्टँगच्या व्ही-८ मॉडेलला साडेचार इंचांच्या. ‘जवळपास बसतंय’ हा प्रकार इथे चालत नाही.

● रिमची रुंदी विसरू नका. रिम अर्धा इंच रुंद घेतली, की तोच टायर साधारण पाच मिलिमीटर फुगतो.

● नट पुन्हा आवळा. नवी चाकं बसवल्यावर ५० ते १०० मैलांनी टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

● जुनं काही फेकू नका. चाकं, नट, व्हीलकॅप... सगळं जपून ठेवा. माळा त्यासाठीच असतो!